तुरुंगात नेलेलं दार

तुरुंगात लोक काय काय लपवून नेतात ते मी पेपरात वाचलेलं आहे. मी मात्र भरदिवसा, मालवाहू ऑटोत टाकून, परवानगीचा कागद हातात धरून एक दार नेलं. सागवानी, चौकटीसकट, आमच्या परसातलं. गेटवरच्या शिपायानं कागद दोनदा वाचला, ऑटोभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मॅडम, दाराच्या आत काय हाय?"

"दाराच्या आत काय असणार? लाकूड आहे."

"तसं नाई. लिहा लागते."

मग त्यानं नोंदवहीत लिहिलं, 'दार, एक. आत काही नाही.' खाली माझी सही घेतली आणि वर म्हणाला, "आजवर दारातून सामान आत गेलेलं पाह्यलं. दारातून दार पह्यल्यांदाच."

हे सगळं माझ्या रिकामपणामुळे झालं. तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं आणि दर गॅदरिंगला नाटक बसवलं. ती खोड त्याच्याही आधीची. लहानपणी आमच्या वस्तीत जयंतीच्या मंडपात नाटक व्हायचं आणि मी दरवर्षी हट्टानं त्यात घुसायची, कधी झाड होऊन, कधी नुसतीच गर्दी होऊन. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात मी घरातले सगळे डबे घासले. दुसऱ्या महिन्यात नवऱ्याच्या चुका काढल्या. तिसऱ्या महिन्यात त्यानंच कुठून तरी बातमी आणली, की आपल्या जिल्ह्यातल्या एका तुरुंगात कैद्यांचं नाटक बसवून देणारं माणूस हवं आहे.

"तू जाच," तो म्हणाला. "तीस वर्षं पोरांना वर्गात कोंडून तालमी घेतल्या. इथं आयतीच कोंडलेली आहेत."

तुरुंगाचे साहेब पश्चिमेकडून बदली होऊन आलेले. मराठी एकदम इस्त्रीची. वर्ष झालं तरी कुणी 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, काहीतरी हसतंखेळतं बसवा. कार्यक्रमाला बंद्यांच्या घरच्यांना बोलवायची परवानगी मी काढतो. उपदेश मात्र नको. उपदेश त्यांना कोर्टात भरपूर मिळाला आहे."

माझ्या पिशवीत दारूबंदीवरचं एक तयार नाटक होतं. ते मी पायानं खुर्चीखाली सरकवलं.

पहिल्या दिवशी आतल्या मैदानात, लिंबाखाली चौदा जण आले. मी म्हटलं, गोल करून बसा. ते दोन-दोनच्या जोड्या करून एकामागे एक ओळीत उकिडवे बसले. पुन्हा म्हटलं, गोल. सगळे उठले, आणि पुन्हा जोड्या करून बसले. तिथे दिवसातून कितीदा तरी गिनती होते आणि जोडीनं बसलं की मोजायला सोपं जातं, हे मला माहीत नव्हतं. माझा आवाज चढला. तेवढ्यात मागच्या जोडीतला एक तरुण उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मी सातवी ब."

सातवी ब! मी त्याला लगेच ओळखलं. वर्गात सगळ्यांत सुंदर हस्ताक्षर त्याचं होतं. फळ्यावरचा सुविचार मी त्याच्याकडूनच लिहून घ्यायची. पुढे त्यानं त्या हस्ताक्षरात दुसऱ्यांच्या सह्या केल्या आणि इथे आला. आपलं नेमकं काय चुकलं याचा विचार करत मी घरी गेले. नवरा म्हणाला, "शुद्धलेखनात तरी नाव राखलं की नाही?"

नाटक मी त्यांच्याकडूनच काढायचं ठरवलं. म्हटलं, तुमची स्वतःची फजिती झाली असेल असा प्रसंग सांगा. प्रत्येक जण दुसऱ्याची फजिती सांगायला तयार. शेवटी एक पन्नाशी ओलांडलेला माणूस बोलला. देऊळघाटकडचा, वांगी-टमाटर पिकवणारा, हाताची घडी घालून बसलेला. सगळे त्याला काकाजी म्हणायचे.

"माह्या बहिनीले पाहाले पाव्हने येनार होते," काकाजी म्हणाले. "बापानं मले स्टँडवर पाठोलं. पाव्हना कसा हाय, कोनीच सांगतलं नाई. म्हने, पांढरा शर्ट. स्टँडवर समदेच पांढऱ्या शर्टात. एकाले म्हनलं, चाला. तो आला. दोन पलेटा पोहे खाल्ले, पोरगी चांगली हाय म्हने, अन् मंग इचारलं, मीटर कुठी हाय?"

तो वीजमंडळाचा माणूस होता. काकाजी पुन्हा स्टँडवर गेले आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला घेऊन आले. त्यानंही पोहे खाल्ले. तिसऱ्या खेपेला खरा पाहुणा मिळाला, तेव्हा पोहे संपले होते.

"अन् माह्या लहान्या भावाले पह्यल्यापासूनच माहीत होतं," काकाजी म्हणाले. "पन तो बोल्ला नाई. म्हने, कसा पोहे खाते ते पाहू द्या."

लिंबाखाली हशा पिकला. बाजूला उभा असलेला शिपाईही हसला, मग साहेबांच्या खिडकीकडे बघून गंभीर झाला. आमचं नाटक ठरलं. काकाजींनीच घरधनी व्हायचं, सातवी ब त्यांची बायको, आणि काकाजींनी तीन वेळा बाहेरून घरात यायचं, दर वेळी चुकीचा माणूस घेऊन.

काकाजी आत कशासाठी आहेत ते मला त्या दिवशी जाताना शिपायानं सांगितलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि त्यांनी फावड्याचा दांडा घातला. ज्याला घातला तो हाच लहान भाऊ. भाऊ वाचला, पण लंगडतो. काकाजींची बायको मुलाकतीला येते. एकुलती एक मुलगी मात्र एकदाही आली नाही, ती काकाच्या बाजूची. शिक्षेचे आता थोडेच महिने उरले होते, आणि काकाजी सगळ्यांना सांगत होते की सुटल्यावर घरी जाणार नाही, कुठेतरी मळ्यावर राखणीला राहीन.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी मी दोन खुर्च्या ठेवल्या. मधली जागा म्हणजे दार. काकाजी पाहुण्याला घेऊन आले आणि खुर्च्यांपाशी थांबले.

"या आत," मी म्हटलं.

ते थांबूनच. पाहुणाही थांबला.

"काकाजी, घर तुमचंच आहे. या."

दोघं उभेच. मला वाटलं वाक्य विसरले. म्हणून वीजवाल्याला एकट्याला पाठवलं. तोही खुर्च्यांपाशी थांबला. कंपाउंडर थांबला. मी शेवटी ओरडले, "अहो, दार उघडंच आहे. दारच नाही तिथं." तेव्हा सातवी ब म्हणाला, "मॅडम, तुम्ही रागावू नका. इथं दाराशी आलं की थांबा लागते. कोनीतरी उघडते, मंग जायचं."

मी शिपायाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बरोबर हाय ना. दार उघडनं आमचं काम हाय. त्याईनं उघडलं तं आमची नोकरी जाईन."

चार-चार वर्षं ज्या माणसांनी एकही दार स्वतःच्या हातानं उघडलेलं नाही, त्यांच्यावर मी खेकसत होते. मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून नाटक थोडंच बसतं? मी ठरवलं की यांना दार उघडायची प्रॅक्टिस द्यायची. आता दार शोधायला निघाले, तर त्या एवढ्या मोठ्या इमारतीत कैद्यानं उघडावं असं एकही दार नाही. संडासाची दारं अर्धी, तीही नुसती लोंबणारी. ग्रंथालयाचं कपाट आहे, पण किल्ली साहेबांकडे. स्वयंपाकघराचं दार दिवसभर उघडंच असतं.

घरी येऊन मी हे सांगत होते आणि नवरा गच्चीवर कपडे वाळत घालत होता. तो म्हणाला, "आपलं परसातलं दार वर पडलंय ते ने. वर्ष झालं, मला त्याला ठेच लागते." आम्ही मागच्या वर्षी परसाला लोखंडी दार बसवलं आणि जुनं चौकटीसकट गच्चीवर टाकलं होतं. मी सासरी आले तेव्हापासूनचं ते दार. माझ्या रागाचे सगळे धक्के त्यानं सोसलेले. ते तुरुंगात जाणार म्हटल्यावर नवऱ्याला फारच आनंद झाला.

साहेबांनी दाराभोवती हात मागे बांधून फेरी मारली. "सगळं ठीक आहे, पण ही कडी काढावी लागेल. आतून लागेल अशी कोणतीही गोष्ट इथं चालत नाही." सुताराकडून त्यांनी कडी काढून घेतली आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. दाराच्या आतल्या अंगाला कडीच्या जागी एक फिकट पट्टा आणि स्क्रूची भोकं राहिली. कडी मी पर्समध्ये टाकली आणि नाटक होईपर्यंत ती तिथेच राहिली. तिच्यामुळे पर्स इतकी जड झाली की बाजारात भाजीवाल्या मला मान देऊ लागल्या.

आणखी एक अट होती. संध्याकाळी दार ऑफिसजवळच्या खोलीत जमा व्हायला हवं. त्यामुळे रोज गिनती झाली की शिपाई आकडा सांगायचा आणि पुढे म्हणायचा, "अन् दार एक."

मैदानात मधोमध ते दार टेकू लावून उभं केलं. अलीकडे मैदान, पलीकडे मैदान. बाजूनं सहज जाता आलं असतं, पण एकही जण बाजूनं गेला नाही. मी म्हटलं, एकेकानं यायचं, दार उघडायचं, आत जायचं, लावायचं. पहिला मीटरवाला गेला आणि दारापाशी वाकला. दार चांगलं उंच होतं, तो बुटका, तरी वाकला. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्या घरची चौकट डोक्याले लागते, मॅडम." दुसऱ्यानं खांद्यानं दार ढकललं, कारण गोठ्याकडून येताना दोन्ही हातांत चारा असतो. एक जण आधी दोनदा खाकरला, घरात सून आहे म्हणून. एकानं चपला काढून डावीकडे नीट लावल्या. सातवी बनं दार इतकं हळू लोटलं की जरासुद्धा वाजलं नाही. रात्री उशिरा घरी येणाऱ्याचं दार उघडणं मी बरोबर ओळखते, दोन मुलं वाढवली आहेत. एका ट्रक ड्रायव्हरनं दार उघडलं आणि मग पुढे काहीच नसताना हातानं पडदा बाजूला सारला. त्याच्या घराला दार नव्हतंच, गोणपाटाचा पडदा होता.

ज्यानं त्यानं आपापल्या घरचं दार उघडलं. मला रडू आलं. मी ते डोळ्यात लिंबाचा कचरा गेला म्हणून खपवलं, पण कुणालाच पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नाटकात नसलेले कैदीही येऊन ओळ करून उभे राहिले. काही नाही, एकदा दार उघडायचं होतं. शिपायानं जोड्या लावायचा प्रयत्न केला, पण दारातून एका वेळी एकच जातो हे त्याला मान्य करावं लागलं. शेवटी सगळे गेल्यावर त्यानंही इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतः एकदा दार उघडून आत जाऊन आला. "कुरकुर करून राह्यलं, तेल पायजे," असं उगाचच म्हणाला.

सगळ्यांना जमलं. काकाजींना जमलं नाही. ते दारापर्यंत यायचे, हात वर करायचे आणि लाकडाला लागायच्या आत खाली घ्यायचे. मी समजावलं, चिडले, एकदा तर पाठीमागून ढकलायलाही निघाले होते. चौथ्या दिवशी सगळे पाणी प्यायला गेले तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले.

"मॅडम, त्या दिशी भावाले घरात नेलं," ते दाराकडे बघत म्हणाले. "मी मांगून गेलो. पोरीनं दार लावलं. आतून कडी घातली. कडीचा आवाज आला मले. पोलीस येईलोक मी दारातच उभा होतो."

"हाक नाही मारली?"

"काय म्हनून मारू? तिनं बरोबरच केलं."

मग पाणी पिऊन बाकीचे आले आणि काकाजी उठून आपल्या जागी गेले. मी नाटकात बदल केला. दर वेळी सातवी ब, म्हणजे बायको, आतून दार उघडेल. काकाजींचं काम सोपं झालं. नाटक मात्र थोडं लंगडं झालं, कारण खरी गंमत काकाजींनी ऐटीत दार उघडण्यात होती. मी मनातून नाराजच होते. त्या नाराजीतच रविवारी एसटीत बसले आणि राजूर घाट उतरून मलकापूरला गेले. काकाजींची मुलगी तिथे एका दवाखान्यात नर्स आहे, हे मी त्यांच्या बायकोकडून काढून घेतलं होतं. काकाजींना सांगितलं नव्हतं.

मुलगी बापासारखीच, हाताची घडी घालून बोलणारी. बाकड्यावर माझ्यासाठी जागा पुसली, पाणी दिलं आणि म्हणाली, "मी येनार नाई. तुम्ही उन्हाच्या आल्या, चहा घ्या अन् जा."

चहा येईपर्यंत वेळ होता म्हणून मी तिला नाटकाची गोष्ट सांगितली. मीटरवाल्यापर्यंत ती भिंतीकडे बघत होती. कंपाउंडरशी आल्यावर तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "ही तं आत्याच्या टायमाची गोष्ट हाय," ती म्हणाली. "आमच्या घरी दर दिवाळीले सांगतात. सांगत होते."

ती पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. चहा आला.

"नाटकात काका हाय का?" तिनं विचारलं.

"आहे. नाटकात तेवढाच एक शहाणा आहे. तुझ्या बाबांनीच सांगितलं, त्याला पहिल्यापासून माहीत होतं म्हणून."

"कसा पोहे खाते ते पाहू द्या," ती पुटपुटली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "काकाले इचारल्याशिवाय मी काही सांगू शकत नाई." मी तारीख सांगितली आणि निघाले. येताना घाटात एसटी अशी रडत चढत होती की मला माझंच काही खरं वाटेना. काकाजींच्या मुलीला ओढून आणणारी मी कोण, असं राहून राहून वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात सतरंज्या अंथरल्या. बायका, म्हातारे, लेकरं, सगळे झडती देऊन आत आले. प्रमुख पाहुण्यांनी नाटकामुळे माणूस कसा सुधारतो यावर इतकं लांब भाषण केलं की पुढच्या रांगेतली दोन लेकरं झोपली. शेवटी साहेबांनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला आणि हातानं खुर्ची दाखवली. त्या दिवसापासून मी त्यांची इस्त्रीची मराठी माफ केली.

आमचं घर म्हणजे मागे ते दार आणि दोन्ही बाजूंना दोरीवर टांगलेल्या चादरी. काकाजी चादरीच्या फटीतून पाहत होते. त्यांची बायको पुढे बसली होती, एकटीच. ते पांढरा शर्ट ओढून ओढून सारखा करत राहिले. मी त्यांना म्हटलं, "काकाजी, पहिली एन्ट्री." ते दाराच्या मागे जाऊन उभे राहिले.

पहिल्या खेपेला सातवी बनं दार उघडलं, मीटरवाला आला, पोहे खाल्ले. लोक हसायला लागले. दुसऱ्या खेपेला कंपाउंडरनं घरधनिणीची नाडी बघितली आणि म्हणाला, दूध किती देते, तेव्हा बायकांच्या बाजूला अशी हसण्याची उकळी फुटली की पुढचं एक वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. त्या गोंधळात मुलगी आली. गेटवरून शिपाई तिला घेऊन आला आणि ती सगळ्यांत मागे, भिंतीशी उभी राहिली. हाताची घडी. काकाजी दाराच्या पलीकडे होते, त्यांना दिसली नाही. मला दिसली, आणि माझा हात पर्समधल्या कडीवर गेला.

तिसरी खेप. काकाजी खऱ्या पाहुण्याला घेऊन दाराशी आले. "पोहे आना हो, यावेळी खराच हाय," हे वाक्य त्यांनी बाहेरून म्हटलं. आता सातवी बनं दार उघडायचं. पण कंपाउंडरपासून पळताना त्याच्या निऱ्या सुटल्या होत्या. दोन्ही हातांनी लुगडं कमरेशी धरून तो घरात मधोमध उभा होता, आणि हात सोडला तर काय होईल हे त्याला आणि मला दोघांनाही दिसत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं म्हटलं, कोपरानं उघड. त्यानं खुणेनं म्हटलं, जमत नाही.

दार बंद. दाराच्या पलीकडे काकाजी. लोकांना वाटलं हेही नाटकातलंच, म्हणून आधी हसले. मग हसू ओसरलं. चौकटीखालच्या फटीतून काकाजींचे पाय दिसत होते, जोडून ठेवलेले. ते थांबले होते. ते संध्याकाळच्या गिनतीपर्यंत थांबले असते, मला माहीत होतं. पर्समधली कडी मी मुठीत घट्ट धरली होती. चादरीच्या मागून जाऊन हळूच दार ओढावं म्हणून मी एक पाऊल टाकलं.

तेवढ्यात मागून, भिंतीकडून आवाज आला. मोठा नव्हता, पण मैदान गप्प होतं.

"लोटा ना बाबा. कडी लावली नाई."

दाराखालचे पाय हलले. आधी काहीच झालं नाही. मग दार सगळं एकदम उघडलं, इतक्या जोरात की टेकू सुटला आणि शिपायानं धावत येऊन चौकट धरली. काकाजी आत आले. डोळे कुणाला तरी शोधत होते, आणि ती सापडल्यावर ते उभेच राहिले. खरा पाहुणा मागून ढोसत होता. शेवटी सातवी बनं, निऱ्या धरलेल्या अवस्थेत, स्वतःच्या मनाचं वाक्य टाकलं, "पोहे सरले हो. आता बसा नुसते." लोक पुन्हा हसले आणि नाटक पुढे सरकलं. मी मात्र पुढचं नाटक पाहिलंच नाही, नुसती रडत होते. यावेळी लिंबाचं नावही घेतलं नाही.

नाटकानंतर घरच्यांना भेटायला थोडा वेळ होता. मुलगी बापाच्या समोर येऊन उभी राहिली. दोघांचीही हाताची घडी.

"काका काय म्हने?" काकाजींनी विचारलं. दुसरं काही नाही, आधी तेच.

"काका म्हने, जाय. कसे पोहे खाऊ घालते ते पाहून ये."

काकाजींची घडी सुटली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथंच उकिडवे बसले. मुलगीही त्यांच्या शेजारी बसली, आणि शिपायानं बराच वेळ त्या जोडीकडे पाहिलंच नाही.

दार मला परत मिळालं नाही. साहेब म्हणाले, मॅडम, पुढचं नाटक बसवायचं असेल तर ते इथंच राहू द्या, आणि खरं सांगायचं तर नोंदवहीतून काढायला फार कागद लागतात. त्यामुळे ते अजून आत आहे. कडी माझ्याकडे आहे. सातवी बला मी शुद्धलेखनाऐवजी संवाद लिहायला लावलं आहे, आणि तो स्वतःच्या नावानं सही करतो.

काकाजी सुटले त्याला आता चार महिने झाले. मागच्या आठवड्यात ते आमच्याकडे वांगी घेऊन आले. मी खिडकीतून पाहिलं तर ते आमच्या लोखंडी दाराशी उभे होते. उघडायला मी निम्मी उठले आणि पुन्हा बसले. जरा वेळानं दार वाजलं, उघडलं, आणि ते आत आले. चपला डावीकडे लावल्या.

चहा पिताना मी विचारलं, भाऊ बोलतो का. म्हणाले, "नाई. पन त्याची पाळी असली की मी माही मोटर बंद ठेवतो. त्यानं एकदा माह्याकडं पाह्यलं." नवरा त्यांना परसातल्या जुन्या दाराचे किस्से सांगायला लागला, तर त्याला थांबवून मी विचारलं, "काकाजी, तुम्ही सुटून घरी गेलात त्या दिवशी काय झालं?"

काकाजींनी कप खाली ठेवला.

"दार लोटेल होतं. कुत्रं भुकलं, तं पोरीले कळलं मी आलो. आतून धावत आली उघडाले, पाय वाजले तिचे. मी भायेरूनच म्हनलं, राहू दे माय. मी उघडतो."